तुरुंगातल्या दवाखान्याची तपासणी कुणी करायची?

सांजवात

दवाखान्यांच्या तपासण्या हे माझं रोजचं काम. कुठे औषधं नसतात, कुठे डॉक्टर नसतो, कुठे दोन्ही असून रांग पुढे सरकत नाही. तरीही बाहेरच्या रुग्णाच्या हातात काहीतरी उरतं. तो उठून दुसरीकडे जाऊ शकतो, उसनवारी करून खासगीत दाखवू शकतो, अगदीच काही नाही तर भांडू शकतो. कोठडीतल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. डॉक्टर निवडता येत नाही, दुसऱ्याचं मत घेता येत नाही, रात्री छातीत कळ आली तर दार वाजवत राहायचं. ते दार कोण उघडणार आणि कधी उघडणार, यावर त्याचा जीव अवलंबून.

म्हणून माझं ठाम मत आहे: ज्या खात्याच्या हातात कुलपाची किल्ली आहे, त्याच खात्याने आपल्या दवाखान्याला 'सर्व ठीक' असा शेरा द्यायचा, ही पद्धत बंद व्हायला हवी. तपासणारा बाहेरचा हवा, अचानक येणारा हवा आणि त्याच्याबरोबर डॉक्टर किंवा परिचारिका हवी.

हे माझ्या मनचं नाही. कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम १९५५ साली जिनिव्हात ठरले. त्यांची सुधारित आवृत्ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी मंजूर केली आणि तिला नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. मंडेलांना स्वतःला १९८८ साली पोल्समूर तुरुंगात असताना क्षयरोग झाला होता. या नियमांतले २४ ते ३५ हे आरोग्याचे. कैद्यांच्या आरोग्याची जबाबदारी सरकारची. समाजात इतरांना मिळते त्याच दर्जाची सेवा, तीही फुकट. दाखल झाल्यावर शक्य तितक्या लवकर तपासणी. कागदपत्रं गोपनीय, आणि बदली झाली की ती माणसाबरोबर जाणार. नियम २७ मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वैद्यकीय निर्णय फक्त वैद्यकीय माणसंच घेतील आणि तुरुंगाचे इतर कर्मचारी तो फिरवू शकणार नाहीत, त्याकडे काणाडोळाही करू शकणार नाहीत.

नियम छान आहेत. ते पाळले जातात की नाही हे पाहायचं कसं, यावर बोलायला हा धागा काढला आहे.

बहुतेक तपासण्या दवाखान्यात सुरू होतात आणि तिथेच संपतात. खाटा मोजल्या, औषधांची मुदत पाहिली, रक्तदाबाचं यंत्र चालतं का पाहिलं, नोंदवही चाळली, झालं. पण नोंदवहीत नाव असतं ते दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्याचं. जो पोहोचलाच नाही त्याचं काय? आजारी कैदी आधी पहारेकऱ्याला सांगतो, पहारेकरी वरच्याला, वरचा दवाखान्याला. या वाटेवरचा प्रत्येक जण वैद्यकीय शिक्षण नसलेला, आणि प्रत्येकाच्या हातात 'आज नको, उद्या बघू' म्हणायची सोय. तपासणी करायची तर या वाटेची करायला हवी. बराकीत बसून, पहारेकरी ऐकू शकणार नाही अशा जागी, दहा-पंधरा जणांना विचारायचं: शेवटचं आजारी पडलात तेव्हा कुणाला सांगितलंत, आणि डॉक्टर कधी भेटला? मग ती उत्तरं घेऊन नोंदवहीकडे यायचं.

काही देशांनी तुरुंगातली आरोग्यसेवाच तुरुंग खात्याकडून काढून घेतली. नॉर्वेने १९८८ मध्ये ती स्थानिक पालिकांकडे दिली, फ्रान्सने १९९४ च्या कायद्याने सार्वजनिक रुग्णालयांकडे, इंग्लंडने २००६ पर्यंत राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे. पाऊल योग्यच. डॉक्टरचा पगार आणि बढती तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात नसली की त्याची मान मोकळी होते. पण सेवा कुणाची आणि तपासणी कुणाची हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आरोग्य खात्याने चालवलेला दवाखाना आरोग्य खात्यानेच तपासला, तरी घोडं तिथेच अडतं.

तुमचे अनुभव, माहिती, विरोधी मतं, सगळं लिहा.

सडेतोड

कळकळ समजली, पण मुद्दा पटला नाही. कायदा पाळून जगणाऱ्या माणसाला तपासणीसाठी महिनोन्‌महिने ताटकळावं लागतं. त्याच्या दवाखान्याची नीट तपासणी होत नाही, आणि गुन्हेगारांच्या दवाखान्यासाठी स्वतंत्र, तज्ज्ञ, अचानक येणारे निरीक्षक? पैसा मर्यादित असतो. आधी बाहेरचं नीट करा, मग आतलं बघू.

शुश्रूषा

सांजवातताई, या विषयावर कुणी लिहील असं वाटलंच नव्हतं. मी एका तुरुंगाच्या दवाखान्यात परिचारिका होते. कुठल्या ते सांगत नाही.

तपासणीत काय दिसतं आणि काय सुटतं याचं एक उदाहरण देते. आमच्याकडे इन्सुलिनचा साठा कायम पुरेसा असायचा. शीतपेटी चालू, तापमानाची नोंद रोजची, मुदत पाहिलेली. तपासायला येणारे ते पाहून खूश व्हायचे. पण बंदी व्हायची संध्याकाळी लवकर. एकदा बराकीला कुलूप लागलं की ते सकाळपर्यंत उघडायचं नाही. त्यामुळे रात्रीच्या जेवणाआधीचं इन्सुलिन दुपार कलल्यावरच टोचलं जायचं आणि जेवणाचा डबा बराकीत यायला बराच वेळ लागायचा. मधल्या वेळात साखर उतरून घामाघूम झालेली, हात थरथरणारी माणसं मी पाहिली आहेत. रात्री घ्यायची झोपेची किंवा मानसिक आजाराची गोळीही त्याच वेळी हातात. ती लगेच घेतली तर माणूस सूर्यास्तालाच आडवा होणार आणि मध्यरात्री टक्क जागा. ठेवून द्यावी तर शेजारचा हिसकावून घेणार. 'इन्सुलिन आहे का' असं प्रत्येकाने विचारलं. 'किती वाजता देता' हे एकानेही विचारलं नाही.

दुसरं, औषधवाटप. गजाआडून हात पुढे यायचा, मी नाव घ्यायचे, गोळी ठेवायचे, माझ्या खांद्याशी पहारेकरी आणि आत पन्नास जोडी डोळे. एचआयव्हीच्या औषधाची डबी बराकीतले लोक रंगावरून ओळखू लागले होते. एक तरुण मुलगा 'मला आता बरं आहे' म्हणून ती घ्यायचा थांबला. त्याला बरं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात बोलावून एकट्याला गोळी द्यायची व्यवस्था मागितली. रोज एका कैद्यासाठी एक माणूस सोडता येणार नाही, असं उत्तर आलं. ताई, तुम्ही म्हणता तो नियम २७ तिथे रोज मोडत होता आणि मोडणाऱ्याला आपण वैद्यकीय निर्णय फिरवतो आहोत हे कळतसुद्धा नव्हतं.

सांजवात

शुश्रूषाताई, मनापासून आभार. 'किती वाजता देता' हा प्रश्न मी माझ्या तपासणीच्या यादीत आजच घालते आहे.

सडेतोड, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण तुम्ही 'गुन्हेगार' म्हणता त्यांत खटला सुरूही न झालेले कितीतरी असतात. भारतातल्या तुरुंगांत तर बहुसंख्य कच्चे कैदीच आहेत. ज्यांना शिक्षा झाली आहे त्यांनाही न्यायालयाने स्वातंत्र्य गमावण्याची शिक्षा दिलेली असते. डोळा गमावण्याची किंवा मूत्रपिंड गमावण्याची नव्हे. मंडेला नियमांत नियम ३ हेच सांगतो: स्वातंत्र्य हिरावणं हीच मुळात यातना आहे, व्यवस्थेने त्यात आपल्याकडून भर घालू नये.

आणि आतला आजार आत राहत नाही. दाटीवाटीच्या, कोंदट जागेत क्षयरोग बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो. पहारेकरी रोज घरी जातो, कच्चा कैदी तारखेला न्यायालयात जातो, मुलाखतीला बायकामुलं येतात, आणि बहुतेक सगळे कधी ना कधी सुटतात. अर्धवट उपचार घेतलेला क्षयरुग्ण सुटून घरी गेला तर त्याचा जंतू औषधाला दाद न देणारा होण्याची भीती असते. मग तो खर्च कुणाच्या वाट्याला येतो?

बाहेरच्यापेक्षा चांगलं द्या असं कुणीच म्हणत नाही. बाहेरच्याइतकं द्या, एवढंच. तपासणी मात्र जास्त कडक हवी, कारण इथला रुग्ण स्वतः तक्रार घेऊन फिरू शकत नाही.

न्यायपथ

वकिलीच्या बाजूने थोडी भर घालतो. आपल्याकडे कारागृह हा राज्यांचा विषय, पण १८९४ चा कारागृह कायदा अजूनही बऱ्याच ठिकाणी पाया आहे. त्याचं कलम १३ पाहा. तुरुंगाच्या आरोग्यव्यवस्थेचा कारभार वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, पण 'अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली'. कलम ३७ तर सांजवातताईंनी लिहिलेली वाटच शब्दशः घालून देतं: आजारी दिसणाऱ्या किंवा डॉक्टरला भेटू इच्छिणाऱ्या कैद्याचं नाव त्याच्यावर देखरेख करणाऱ्याने जेलरला कळवायचं, आणि जेलरने ते वैद्यकीय माणसाच्या कानावर घालायचं. दोन्ही ठिकाणी 'विलंब न लावता' असं म्हटलं आहे. विलंब झाला की नाही हे कोण पाहणार, हे सांगितलेलं नाही.

पोलीस कोठडीसाठी डी. के. बसू खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे. अटक झालेल्याने मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या जखमांची तेव्हाच नोंद करून दोघांच्या सह्या, आणि कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी प्रशिक्षित डॉक्टरकडून तपासणी. कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांच्या आत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०३ आहे. त्यानुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अहवाल पाठवायचा, आणि मंडळ स्वतः तुरुंगात जाऊन विचारू शकतं. हे कलम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात बाहेरच्या मंडळाला आत पाऊल टाकायचा अधिकार दिला आहे. शरीराच्या आजारांसाठी असं काही का नसावं?

२००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराला जोडलेला एक ऐच्छिक करार झाला, तो २००६ पासून लागू आहे. त्यात सामील झालेल्या देशांना कोठडीच्या सर्व जागांना भेट देऊ शकेल अशी स्वतंत्र राष्ट्रीय यंत्रणा नेमावी लागते. भारताने मूळ छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन केलेलं नाही, म्हणजे तो बंधनकारक म्हणून स्वीकारलेला नाही. त्यामुळे पुढच्या कराराचा प्रश्नच आला नाही.

जुना_अंमलदार

तुरुंग खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. वरचं वाचून आमच्या लोकांना राक्षस समजू नका, एवढी विनंती.

शेकडो माणसांमागे रात्रीला मोजके पहारेकरी. त्यातला एक जण एका कैद्याला घेऊन रुग्णालयात गेला तर उरलेल्यांवर काय येतं ते विचारा. आजारपणाचं सोंग घेणारे असतात. रुग्णालयाच्या वाटेवरून पळालेले असतात. पळाला तर निलंबन आमचं होतं, डॉक्टरांचं नाही. शुश्रूषा मॅडमनी सांगितलेली एका माणसाची अडचण खरी होती, पण ती सांगणाराही बहुधा दोन दिवस न झोपलेला असेल.

तरी एक गोष्ट कबूल करतो. डॉक्टरने 'बाहेर दाखवा' असं लिहिलं आणि पोलीस पहारा मिळाला नाही म्हणून तारीख गेली, असं सर्रास होतं. बाहेर नेण्यासाठीचे पोलीस आमच्या हाताखालचे नसतात, त्यांच्याकडे मागणी पाठवायची असते. न्यायालयाची तारीख आणि रुग्णालयाची तारीख एकाच दिवशी आली तर पहारा न्यायालयाला जातो. चुकलेल्या रुग्णालयाच्या तारखा मोजायला बाहेरचा माणूस येणार असेल तर निदान माझी हरकत नाही. मी अधीक्षकांना सांगून थकलो होतो, बाहेरच्याने सांगितलं असतं तर कदाचित पोलीस मिळाले असते.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये तुरुंगांना आरोग्यसेवा पुरवणाऱ्या संस्थेत काम करतो, म्हणजे तपासणीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. इथली पद्धत थोडक्यात सांगतो.

आरोग्यसेवांचं नियमन करणारा केअर क्वालिटी कमिशन हा आयोग २००९ पासून आहे. रुग्णालयाला जशी त्याच्याकडे नोंदणी करावी लागते, तशीच तुरुंगात सेवा देणाऱ्या संस्थेलाही. तुरुंग निरीक्षणालय वेगळं, ते तुरुंग सेवेच्या अधिकाराखाली नाही. दोघं मिळून तपासणी करतात, बहुतेकदा न कळवता. निरीक्षकांना किल्ल्या दिल्या जातात, त्यामुळे कुठलंही दार उघडायला त्यांना कुणाची वाट पाहावी लागत नाही. कैद्यांकडून निनावी प्रश्नावली भरून घेतात. अहवाल जाहीर होतो. तुरुंगात कुणी मेलं तर चौकशी स्वतंत्र लोकपाल करतो, आणि त्यात वैद्यकीय उपचारांचा आढावा वेगळा असतो.

अहवाल जाहीर होतो याचा आमच्यावर काय परिणाम होतो ते आतून पाहिलं आहे. दातांच्या डॉक्टरची प्रतीक्षायादी किती लांब आहे हे आम्ही अंतर्गत बैठकांमध्ये वर्षभर बोलत होतो, कुणी हललं नाही. ते वाक्य छापून आलं आणि जादा दिवस मंजूर झाले.

पण एक मोठी फट इथेही आहे. आयोगाचा बडगा चालतो तो सेवा देणाऱ्या संस्थेवर, म्हणजे आमच्यावर. आमचे डॉक्टर सकाळपासून तयार बसलेले आणि कर्मचारी कमी म्हणून कैद्यांना खोलीतून काढलंच नाही, तर यादीत 'रुग्ण आला नाही' अशी नोंद पडते. संस्थेला दंड करून कुलूप उघडत नाही. म्हणून दोन्ही निरीक्षकांनी एकत्र जाणं गरजेचं. एकट्या आरोग्य नियामकाला अर्धंच चित्र दिसेल.

सांजवात

टेम्सकाठी, 'रुग्ण आला नाही' ही नोंद फार बोलकी आहे. न येण्याची कारणं तीन वेगळ्या रकान्यांत लिहायला लावली पाहिजेत: त्याने नकार दिला, त्याला कुणी आणलं नाही, डॉक्टरच नव्हता. जुना_अंमलदार साहेबांनी सांगितलेल्या चुकलेल्या तारखाही अशाच कारणासकट मोजता येतील. आणि साहेब, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. चांगला निरीक्षक पहारेकऱ्यांची संख्याही अहवालात लिहील, कारण ती आता वैद्यकीय बाब झालेली असते. बाहेरून आलेला माणूस तुमच्या बाजूचाही साक्षीदार असतो.

सोंगाबद्दल मात्र एक सांगते. सोंग आहे की आजार, हे ठरवणं हेसुद्धा निदानच आहे. ते डॉक्टरने करायचं.

सडेतोड

सांजवात, कच्च्या कैद्यांचा मुद्दा मान्य. क्षयाचाही. पण यासाठी न्यायालयं आहेत ना? दुर्लक्ष झालं तर याचिका करा, भरपाई मागा. आणखी एक यंत्रणा, आणखी एक कार्यालय, आणखी एक अहवाल कशाला?

न्यायपथ

सडेतोड, याचं उत्तर अमेरिकेने दिलं आहे, आणि फार महागात दिलं आहे. १९७६ च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बल खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही घटनेने मनाई केलेली क्रूर शिक्षा आहे. हक्क मिळाला, पण सिद्ध करायचं 'जाणूनबुजून'. निव्वळ हलगर्जीपणा त्यात बसत नाही. दर्जा तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था तिथे आहेत, पण त्यांच्याकडे जायचं की नाही हे बऱ्याच अंशी तुरुंगाच्या मर्जीवर.

कॅलिफोर्नियातल्या कैद्यांनी २००१ साली दावा लावला. २००५ मध्ये न्यायाधीशांनी नोंदवलं की त्या राज्यातल्या तुरुंगांत दर सहा-सात दिवसांनी एक कैदी टाळता येण्याजोग्या कारणाने मरतो आहे. न्यायालयाने आरोग्यसेवाच राज्याच्या हातातून काढून स्वतः नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दिली. २०११ मध्ये ब्राऊन विरुद्ध प्लाटा निकालात सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा आदेश कायम केला, कारण जवळजवळ दुप्पट माणसं कोंबलेली असताना कुठलीही आरोग्यसेवा चालूच शकत नव्हती. दाव्यापासून या निकालापर्यंत दहा वर्षं. या मधल्या मृत्यूंचं काय करायचं? न्यायालयापुढे प्रकरण येतं ते बहुतेकदा माणूस गेल्यावर किंवा अधू झाल्यावर. निरीक्षकाला त्याच्या आधी जाता येतं.

धाकटी

मी फक्त वाचत होते, आज खातं उघडलं. माझ्या भावाला अपस्मार आहे, लहानपणापासून गोळ्या चालू आहेत. त्याला ताब्यात घेतलं तेव्हा खिशातल्या गोळ्यांची पट्टी पाकीट, पट्टा आणि मोबाईलबरोबर काढून घेतली आणि सगळं एका पाकिटात बांधून ठेवलं. यादीत 'गोळ्या, एक पट्टी' असं व्यवस्थित लिहिलंय. ती कशाच्या आहेत हे कुणी विचारलं नाही. त्याने सांगितलं तर 'डॉक्टर आले की सांग' म्हणाले. आई फाटकाशी औषध घेऊन उभी राहिली, तिला बाहेरचं औषध आत घेत नाहीत असं सांगून परत पाठवलं. त्याला एकामागून एक झटके आले, डोकं आपटलं. मग मात्र लगेच रुग्णालयात नेलं.

तो सुटला तेव्हा संध्याकाळ होती. हातात ना औषध, ना कागद. आत काय दिलं, किती दिलं, आम्हाला आजही माहीत नाही. तुमच्या चर्चेत मला एवढंच विचारायचंय की पहिल्या दिवसाची तपासणी कुणी करते का?

सांजवात

धाकटी, वाचून फार वाईट वाटलं. भाऊ आता बरा असेल अशी आशा करते.

पहिला दिवस आणि शेवटचा दिवस, या दोन्हींकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. मंडेला नियम ३० मध्ये दाखल होतानाच्या तपासणीत काय पाहायचं ते स्पष्ट आहे: चालू उपचार, अंगावर मारहाणीच्या खुणा, आत्महत्येची शक्यता, व्यसन सुटल्याचा त्रास, संसर्ग. दारूची सवय असलेल्याची दारू अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अपस्माराची गोळी चुकली तर तुमच्या भावाचं झालं तेच. हे सगळं पहिल्या काही तासांत विचारलं तरच टळतं. म्हणून निरीक्षकाने नुकत्याच दाखल झालेल्यांना भेटून, त्यांच्या मालाच्या यादीत औषधं आहेत का ते पाहून, ती औषधं त्यांना मिळाली का याचा माग काढायला हवा.

सुटकेबद्दलही ठोस माहिती आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर लोकांच्या १२ पटींहून अधिक होता, आणि त्यातलं मोठं कारण अमली पदार्थांचा अतिरेकी डोस. आत असताना शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते आणि बाहेर आल्यावर जुन्याच मात्रेत घेतलं जातं. चिठ्ठी, काही दिवसांचं औषध आणि बाहेरच्या दवाखान्याची ठरवलेली तारीख, एवढं हातात देऊन सोडणं हा आरोग्यसेवेचाच भाग आहे. तपासणीत मात्र तो क्वचितच धरला जातो, कारण निरीक्षक येतो तेव्हा सुटलेला माणूस तिथे नसतो.

टेम्सकाठी

धाकटी यांच्या अनुभवावरून पोलीस कोठडीबद्दल लिहावंसं वाटलं. तुरुंगापेक्षा ती जास्त धोक्याची, कारण माणूस थेट रस्त्यावरून आलेला असतो आणि त्याचा पूर्वेतिहास कुणालाच माहीत नसतो. इंग्लंडमध्ये तुरुंगाची आरोग्यसेवा राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे गेली, पण पोलीस कोठडीतली सेवा अजून पोलिसांच्याच पैशाने आणि कंत्राटाने चालते.

तिथला एक नियम मात्र कुठेही उचलण्यासारखा आहे. नशेत असलेल्या माणसाला 'झोपू दे, उतरेल' म्हणून सोडायचं नाही. निदान दर अर्ध्या तासाने आत जाऊन त्याला जागं करायचं. हाक मारल्यावर, हलवल्यावर जागा होतो का? नाव काय, राहतोस कुठे, आत्ता कुठे आहेस, याची बरोबर उत्तरं देतो का? डोळे उघड, हात वर कर म्हटल्यावर करतो का? नसेल तर डॉक्टर किंवा रुग्णवाहिका. डोक्याला मार लागलेला, साखर उतरलेला किंवा पक्षाघात झालेला माणूस बाहेरून नशेत असल्यासारखाच दिसतो. यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. पण ते अर्ध्या तासाने खरंच झालं की शेवटी बसून रकाने भरले, हे शोधायला कॅमेऱ्यातलं चित्रण आणि नोंदवही शेजारी ठेवणारा निरीक्षक लागतो.

शुश्रूषा

शेवटी बसून रकाने भरणं पाहिलं आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या, वेळा अगदी काट्यावर. निरीक्षकाबरोबर परिचारिका असेल तर तिला ते पाहताक्षणी कळेल, म्हणून ती हवीच.

आणखी एक. तपासणी संपल्यावर निरीक्षक निघून जातात, आम्ही आणि कैदी तिथेच राहतो. ज्याने तोंड उघडलं त्याचं पुढे काय झालं, हे पाहायला कुणीतरी परत यायला हवं. आमच्याकडे एका बाईने बाळंतपणाच्या वेळी बेड्या घातल्याची तक्रार केली होती. तिची बराक बदलली आणि तिला ज्यांच्याशी बोलायची सवय होती त्या बायका दुरावल्या. कागदावर ती साधी बदली होती.

जुना_अंमलदार

बाळंतपणात बेड्या घालायच्या नाहीत हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, असं म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. न्यायपथ, याबाबत लेखी कुठे आहे?

न्यायपथ

साहेब, मंडेला नियम ४८ मध्येच आहे: प्रसूतीच्या कळा सुरू असताना, प्रसूतीत आणि लगेच नंतर स्त्रीला कुठलंही बंधन घालायचं नाही. स्त्री कैद्यांसाठीच्या २०१० च्या बँकॉक नियमांतही आहे.

शुश्रूषाताईंच्या मुद्द्यावर, नियम ८४ निरीक्षकांना कैद्यांशी खासगीत, गोपनीय बोलायचा अधिकार देतो, आणि ८५ प्रमाणे तपासणीनंतर लेखी अहवाल द्यायचा, तो जाहीर करण्याचा विचार करायचा आणि शिफारशी स्वीकारणार की नाही हे तुरुंग प्रशासनाने वाजवी वेळेत सांगायचं. सूड घेतला जाऊ नये यासाठी मात्र परतभेटच लागते. कायद्यात ती तारखेसकट लिहिली तरच होईल.

धाकटी, तुमच्यासाठी आत्ता हाताशी काय आहे ते सांगतो. अटक झाल्यावर लगेच वैद्यकीय तपासणी करणं हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वीची अटक असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ५४. दोन्हींत त्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. भावाच्या सहीने, तुमचं नाव घालून अर्ज करा. रुग्णालयात नेलं होतं तिथल्या अभिलेख विभागात उपचारांच्या कागदपत्रांसाठी वेगळा अर्ज द्या. दोन्ही अर्जांची पोच घ्या.

धाकटी

अर्ज उद्याच करते. आणि उद्या आणखी कुणाच्या घरी हे झालं तर? आईसारखं कुणी फाटकाशी औषध घेऊन उभं असेल तर त्याने काय करायचं?

शुश्रूषा

बाई गं, औषध परत नेऊ नकोस, असं त्यांना सांग. आत घेत नसतील तरी डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत दे, आणि एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दे: आजार काय, गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, आणि चुकली तर काय होतं. खाली तारीख, वेळ आणि आपला फोन नंबर. दुसऱ्या प्रतीवर घेणाऱ्याची सही मागायची. सही दिली नाही तर तोच कागद वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा, कारण अटकेनंतर २४ तासांच्या आत तिथे हजर करावंच लागतं. दवाखान्यात माझ्या टेबलावर असा कागद आला की मला लगेच कळायचं कुणाला आधी बोलवायचं. 'चुकली तर काय होतं' ही ओळ सगळ्यांत ठळक लिहायची, ती पहारेकऱ्यालाही समजते.